चार तासांच्या आत यायचंय? मग रोजचा पेस कमी करा

फोंड्याच्या एका माध्यमिक शिक्षकांचा प्रश्न आहे. वय ४३, वजन ६८ किलो. गेल्या हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन १:५२ (एक तास बावन्न मिनिटं) मध्ये झाली, पण जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन ४:१२ वर गेली. त्यातली पहिली हाफ १:५६ ला पार केली, बत्तिसाव्या किलोमीटरपासून पाय जड झाले, पेडर रोडच्या चढावर चालावं लागलं आणि पुढे पोटऱ्यांत गोळे आले. सगळ्या शर्यतीत मिळून दोन जेल (धावताना चोखायची साखरेची पाकिटं) घेतले. आठवड्यात चार दिवस धावतात, जवळपास सगळं ५:४० च्या पेसनं (किलोमीटरला ५ मिनिटं ४० सेकंद), आणि सर्वांत लांबची धाव २६ किलोमीटरची. यंदा मुंबईतच चार तासांच्या आत यायचं आहे. विचारतात, "इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोरात धावायचे तुकडे) वाढवू का? रोजचा पेस ५:२० वर नेऊ का?"

नको. वेग तुमच्याकडे आहे. पीट रीगल नावाच्या अमेरिकी इंजिनिअरचं एक जुनं सूत्र धावणारे अजून वापरतात. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून थोडी जास्त, साधारण २.०८५ पट होते. तुमच्या १:५२ ला ते लावलं तर फुल ३:५३ च्या आसपास येते. म्हणजे कागदावर तुम्ही चार तासांच्या आत आहातच. प्रत्यक्षात दुसऱ्या हाफला २:१६ लागले, पहिलीपेक्षा वीस मिनिटं जास्त. हे सूत्र धरून चालतं की माणसाचा पाया ४२.१९५ किलोमीटरला पुरेल एवढा पक्का आहे. तुमचा अजून २६ पर्यंतच आहे.

आणि तो तिथं अडकलाय तो त्या ५:४० मुळे. चार तासांच्या फुलचा पेस ५:४१ येतो. तुम्ही मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी, रविवारी शर्यतीच्याच पेसनं धावताय! एवढ्या जोरानं आठवड्याला चार दिवस धावल्यावर पाचवा दिवस सुचत नाही आणि रविवारी तिशी गाठायची ताकद उरत नाही. बरं, वेग वाढण्यासाठी हा पेस पुरेसा कठीणही नाही. मधल्या पेसवर रोज दमायचं आणि हाती फार लागत नाही, हौशी धावपटूंपैकी निम्मे तरी मला इथंच अडकलेले दिसतात.

तुमची आरामाची धाव ६:२० ते ६:५० ची हवी. स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढणं, पेशींना चरबी जाळायची सवय लागणं, सांधे आणि कंडरा लांब अंतराला तयार होणं, ही सगळी कामं या पेसला होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावता येतं. पेस बरोबर आहे का हे बघायला घड्याळ लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर एखादी आरती पुटपुटून बघा. कडव्याच्या मध्येच श्वास तुटत असेल तर हळू व्हा. ग्रुपवर ६:४५ चा स्क्रीनशॉट टाकायला लाज वाटते, ठाऊक आहे मला. टाकू नका.

म्हणून आठवडा असा लावा: पाच दिवस धावणं, त्यातले तीन निव्वळ आरामाचे. मंगळवारी किंवा बुधवारी एक टेम्पो, म्हणजे जोराची पण टिकवता येईल अशी धाव, ५:०५ ते ५:१० च्या पेसनं. सुरुवातीला दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये दोन मिनिटं सावकाश. पुढे वाढवत वीस-वीस मिनिटांचे दोन. रविवारी लाँग रन. एकूण हळूहळू ६० ते ६५ किलोमीटरपर्यंत न्या, दर चौथ्या आठवड्याला थोडं उतरा. याशिवाय शाळेच्या जिन्यावर एका पायाच्या टाचा उचलायच्या, आठवड्यातून दोनदा. तीस किलोमीटरच्या पुढे आधी पोटरी दगा देते.

सुरुवात कधी करायची? मुंबई जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. मागे मोजलं तर चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की लागायचं, एवढं साधं आहे. त्याआधी पावसात जमेल तेवढं सावकाश धावा. शेवाळलेल्या कडेवरून मात्र नको, मांडी आखडली की महिना जातो.

आता हवेबद्दल, कारण गोव्यात सराव करणाऱ्यांचं निम्मं गणित तिथं चुकतं. पुण्यातला किंवा बेंगळुरूतला मित्र पाठवतो तो प्लॅन घड्याळाच्या पेसवर लिहिलेला असतो. आपल्याकडे ऑक्टोबरात पहाटे पाचलाही हवा दमट, घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. मग रक्त एकीकडे पायांना आणि दुसरीकडे कातडीला पुरवता पुरवता हृदयाचे ठोके चढत जातात. पेस तोच, ठोके मात्र दहा-पंधरानं वर. अशा वेळी ठरलेल्या पेसला चिकटून बसलात तर तुमची आरामाची धाव नकळत टेम्पो होते. माझा अनुभव असा की ऑक्टोबरात किलोमीटरमागे वीस ते तीस सेकंद सोडून द्यावे लागतात. सात मिनिटांचा किलोमीटर झाला तरी बिघडत नाही. डिसेंबरात उत्तरेचा गार वारा सुटला की तेच सेकंद आपोआप परत येतात.

या हवेचा फायदाही आहे आणि तो फुकट मिळतो. उष्णतेत दहा ते चौदा दिवस नियमित धावलं की शरीर बदलतं: रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, त्याच पेसला ठोके खाली येतात. मुंबईत चार तासांचा धावपटू नऊच्या सुमाराला उन्हात संपवत असतो. तिथं थंड गावातून आलेल्यापेक्षा फोंड्याचा माणूस बरा टिकतो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत सगळं धावणं एसीतल्या ट्रेडमिलवर हलवू नका, हा बदल काही आठवड्यांत उतरतो.

एक प्रयोग ऑक्टोबरात कराच. धावायच्या आधी कपडे काढून वजन करा, तासभर मध्यम धावा, अंग पुसून पुन्हा वजन करा. जेवढं वजन घटलं त्यात मध्ये प्यायलेलं पाणी मिळवा. एक किलो कमी म्हणजे लिटरभर घाम. आपल्याकडे तासाला एक ते दीड लिटर सहज जातो. चौदाव्या किलोमीटरला मोजे पिळले तर पाणी निथळतं, ते उगाच नाही. गेला तेवढा सगळा भरून काढायचा नसतो. तहान लागेल तसं, घोट-घोट. उलट चार तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. शर्यतीनंतर वजन आधीपेक्षा वाढलेलं असेल तर ते धोक्याचं लक्षण समजा. टोपीच्या कडेवर पांढरे मिठाचे डाग उमटत असतील तर पाण्यात इलेक्ट्रोलाइट घाला. पण तुमचे गोळे मिठाच्या कमतरतेचे होते असं मला वाटत नाही. ज्या पेसची सवय नाही त्या पेसनं स्नायू दमले की गोळे येतात, आणि तुमचे आले ते बत्तिसाव्यानंतर. मिठाच्या गोळ्यांवर फार भिस्त ठेवू नका.

लाँग रनसाठी फोंड्याहून पणजीला या. फोंडा-मंगेशी रस्त्यावर पहाटे ट्रक असतात आणि तीस किलोमीटर सतत चढ-उतार करून पाय उगाच कुटले जातात. मिरामार सर्कलपासून बांदोडकर मार्गानं कांपाल, पाटो, मग रायबंदरचा सतराव्या शतकातला जुना बांध, एका बाजूला मांडवी आणि दुसरीकडे मिठागरं, तिथून जुने गोवे. जाऊन-येऊन साधारण चोवीस-पंचवीस होतात, रस्ता जवळपास सपाट, आणि परतताना ऊन पाठीवर असतं. त्यावर मिरामारहून दोनापावलची एक फेरी जोडली की तिशी पार. साडेचारला सुरुवात करा, अंगावर चमकणारी पट्टी आणि कपाळावर बॅटरी हवीच. कुत्री अंगावर आली तर पळू नका; थांबा, हात खाली, चालत पुढे व्हा. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीचा पोंऽ पोंऽ ऐकू यायला लागला की समजा गाड्या वाढायची वेळ झाली, तोवर निम्मं अंतर उरकलेलं असावं.

तारखा आधीच बघून ठेवा. नरकासुराच्या रात्री गोवा झोपत नाही आणि पहाटे रस्ते भरलेले असतात, त्या दिवशी लाँग रन ठेवू नका. जुन्या गोव्याचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला, त्याआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना (नोव्हेना) २४ नोव्हेंबरपासून. त्या दिवसांत रायबंदरच्या रस्त्यावर पहाटे चालत जाणाऱ्या भाविकांची रीघ असते. नेमका तोच तुमच्या सरावाचा सर्वांत जड पंधरवडा येतो. तेव्हा मिरामार-करंजाळे-दोनापावल अशाच फेऱ्या मारा, कंटाळवाण्या असल्या तरी. नाताळ ते नववर्ष पर्यटकांच्या भाड्याच्या स्कूटर रात्रभर फिरतात, पण तोवर तुमचा टेपर, म्हणजे शर्यतीआधी धावणं उतरवत नेण्याचा काळ, सुरू झालेला असेल.

आता लाँग रनच्या आत काय करायचं ते. नुसतं अंतर वाढवून भागणार नाही. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत २२, २४, २६, २८ असं पूर्ण सावकाश. त्यानंतर तीन मोठे रविवार ज्यांत दमलेल्या पायांनी शर्यतीचा पेस धरायचा. पहिला २८ चा, त्यातले शेवटचे सहा ५:३५ नं. दुसरा ३० चा, शेवटचे आठ. तिसरा ३२ चा: वीस आरामात, दहा ५:३५ नं, दोन सैल. हा तिसरा शर्यतीच्या चार आठवडे आधी आला पाहिजे. पहिले वीस खरोखर ६:४० नं गेले तरच पुढचे दहा जमतात. विसाव्या किलोमीटरला 'आज पाय हलके आहेत' असं वाटून जोर करणाऱ्यांचे शेवटचे चार किलोमीटर कसे जातात ते मिरामारच्या कठड्यावर बसून बघावं.

पेडर रोडसाठी वेगळं काही लागत नाही, फक्त चढ शेवटी हवा. दोन रविवारी लाँग रन दोनापावलहून विद्यापीठाच्या पठाराकडे चढणाऱ्या रस्त्यावर संपवा. मधल्या दिवशी फोंड्यातच फर्मागुडीचा चढ आहे, सावकाश वर, सावकाश खाली. चढावर पेस बघायचा नाही. मान खाली न घालता पावलं आखूड करायची आणि श्वास जेवढा होता तेवढाच ठेवायचा, दहा-पंधरा सेकंद गेले तर जाऊ द्या. मुंबईचा मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो, तेव्हा नकाशा डिसेंबरात नीट पाहून घ्या.

डिसेंबरात वास्कोजवळ चिखलीला गोवा रिव्हर मॅरेथॉन होते. तिथं फुल धावू नका, एवढ्या थोड्या दिवसांत दोन फुल तुमच्या पायांना झेपणार नाहीत. हाफ धावायची असेल तर सरावाच्या पेसनं धावा आणि जेल, बूट, मोजे, पहाटेचा नाश्ता यांची रंगीत तालीम करा. तिथल्या टायमिंगचं फार मनावर घेऊ नका.

दोन जेलवर चार तास, हे वाचून मी थांबलोच. हिशोब बघा. धावताना किलोमीटरला किलोमागे साधारण एक किलोकॅलरी जळते, म्हणजे तुमच्या ६८ किलोला सगळ्या अंतरासाठी २,८०० च्या वर. यकृत आणि स्नायूंत ग्लायकोजेन साठतं ते सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. बाकीचं चरबीतून येतं, पण पेस जितका जास्त तितका साखरेचा वाटा मोठा. सुरुवातीला जोरात गेलात की साठा लवकर संपतो, आणि तो संपण्याची जागा बहुतेकांच्या बाबतीत तीस ते बत्तीस किलोमीटरच्या दरम्यान येते. धावणारे त्याला 'वॉल' म्हणतात. तुम्ही तिला अगदी वेळेवर धडकलात.

तेव्हा तासाला ४० ते ५० ग्रॅम कर्बोदकं. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, पाकीट उलटून वाचा. पहिलं अर्ध्या तासाला, मग दर अर्ध्या तासाला एक, भूक असो नसो. साडेतीन तासांपर्यंत सात होतात. जेल पाण्याबरोबर घ्या, स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर नको, पोटात फार साखर एकदम जाते. आणि हे सगळं ऑक्टोबरपासून प्रत्येक लाँग रनला करा, कारण आतड्यांनाही सराव लागतो. जेल महाग पडतात हे खरं. आमच्यातले काही जण माडाच्या गुळाचा पाक, मीठ आणि लिंबू छोट्या बाटलीत भरून आणतात आणि सरावाला तो उत्तम चालतो, हात मात्र चिकट होतात. शर्यतीला मी जेलच सांगतो, मापात राहतं.

शेवटचे दोन दिवस कर्बोदकं वाढवायची, किलोमागे दिवसाला आठ ते दहा ग्रॅम. तुमच्यासाठी साडेपाचशे ग्रॅमच्या वर, एका जेवणात शीत रचून ते होत नाही. दिवसभर थोडं थोडं: पाव-जॅम, केळी, पेज, भात, सरबत. पोई आणि उकडे तांदूळ एरवी चांगले, पण या दोन दिवसांत कोंडा नको; पांढरा पाव आणि साधा तांदूळ घ्या. हुमण (माशाची आमटी) आणि सोलकढीला रविवार दुपारपर्यंत सुट्टी. वजन किलोभर वाढेल, घाबरू नका, ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं. शर्यत पहाटे पाचच्या सुमाराला सुटते, तेव्हा अडीच-तीनला उठून पाव, केळं, चहा उरकायचा. चाळिशी ओलांडली आहे म्हणून सराव वाढवण्याआधी डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. ताप असेल तर धावणं नाहीच, गोळी घेऊनही नाही.

टेपर तीन आठवड्यांचा. अंतर उतरवत उतरवत निम्म्यावर आणा, पण टेम्पोचा दिवस तसाच ठेवा, फक्त लहान करा. या काळात गुडघा दुखल्यासारखा वाटतो, झोप येत नाही, बूट बदलावेसे वाटतात. काही करू नका. कार्बन प्लेटचे बूट घ्यायचे असतील तर नोव्हेंबरात घ्या आणि दोन मोठ्या रविवारी वापरून बघा. थोडा फायदा होतो, पण दुसऱ्या हाफला गेलेल्या तुमच्या जादा वीस मिनिटांमध्ये त्यांचा वाटा किरकोळ आहे.

मुंबईला गुरुवारी संध्याकाळच्या कोकणकन्येनं निघा. शुक्रवारी शर्यतीच्या एक्स्पोत जाऊन बिब (छातीवर लावायचा नंबर) घेऊन मोकळे व्हा, तिथं स्टॉल बघत तीन तास उभे राहू नका. शनिवारी पाय वर.

शर्यतीत घड्याळ तुम्हाला फसवणार, कारण गर्दीत नागमोडी धावून अंतर ४२.५ ते ४२.७ भरतं. ५:४१ दाखवत धावलात तर चार तासांच्या बाहेर जाल. घड्याळावर ५:३५ धरा. पहिले पाच किलोमीटर मात्र ५:४५ नं, आजूबाजूनं कितीही लोक पुढे जावोत. हाफची कमान १:५९:३० च्या आसपास यायला हवी. गेल्या वेळचे १:५६ विसरा. पहिली हाफ सावकाश, दुसरी जोरात हेच बरं: केनियाच्या केल्विन किप्टमनं २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिली हाफ ६०:४८ ची होती आणि दुसरी ५९:४७ ची. चार तासांचा पेसर (ठरलेल्या वेळेत धावून इतरांना सोबत नेणारा) मिळाला तर त्याच्या मागे राहायला हरकत नाही, पण पाण्याच्या टेबलाशी त्याच्या घोळक्यात अडकू नका, दहा पावलं बाजूनं धावा. बत्तिसाव्याला पोहोचल्यावर अंगात काही उरलं असेल तर तिथून खर्च करा.

हे सगळे आकडे गेल्या हिवाळ्यातल्या हाफवर बसवले आहेत, आणि मध्ये पावसाळा गेला. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर धावायला मिळालं तर पहाटे दहा किलोमीटरची चाचणी द्या, पंचवीस फेऱ्या. ५१ मिनिटांच्या आत आलात तर वरचं काहीच बदलू नका. ५३ च्या पुढे गेलात तर सगळीकडे ५:३५ खोडून ५:४५ लिहा आणि यंदा ४:०५ चं बघा, तोही तुमचा पीबीच (आजवरची सर्वोत्तम वेळ) असेल.